लढाईतल्या नोटा आणि लंडनमधलं खातं: साहेब आपला कर्जदार कसा झाला?

वरणफळ
माळा आवरताना आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत जॉर्ज राजाची एक रुपयाची नोट, भोकाचे आठ पैसे आणि १९४३-४४ ची एक बारकी हिशेबवही. आजोबा गिरगावात एका कापड दुकानात मुनीम होते. वहीत तांदळापुढे आकडा आहे, पुढच्या पानावर तो वाढलेला, आणि एका ठिकाणी आकडाच नाही, नुसतं "मिळाला नाही". आजी म्हणायची, लढाईत पैसा उदंड झाला होता, तांदूळ तेवढा नव्हता.

म्हणून वाचायला घेतलं आणि डोकं गरगरलं. १९३९ मध्ये देशात साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या, लढाई (दुसरं महायुद्ध) संपली तेव्हा ११०० कोटींच्या वर. आणि त्याच सहा वर्षांत ब्रिटन आपलं प्रचंड देणं लागू लागलं! पारतंत्र्यातला देश सावकार आणि राज्य करणारा ऋणको. तर जाणकारांनो, हे नक्की घडलं कसं, आणि ते पैसे आले का परत? "लुटलं" असं एका शब्दात उत्तर देऊ नका, ते मलाही येतं.

कडीपत्ता
लुटलं.

(माफी. समोर पाटी दिसली की हात लावून बघायची सवय आहे.)

जमाखर्च
वरणफळताई, ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ परकीय चलन विभागात. मला हे खात्यांच्या भाषेतच समजतं, तसंच सांगतो.

समजा १९४२ साली लष्कराने आफ्रिकेतल्या फौजेसाठी मुंबईच्या गिरणीकडून दहा लाखांचं खाकी कापड घेतलं. गिरणीला रुपयेच हवेत, ते भारत सरकार देणार. मग भारत सरकार ब्रिटिश सरकारला बिल लावणार. ब्रिटिश सरकार ते बिल भागवणार, पण लंडनमध्ये आणि पौंडात. रिझर्व्ह बँकेचं खातं बँक ऑफ इंग्लंडमध्ये होतं, त्यात जमा. दर बांधलेला, रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. दहा लाखांचे झाले ७५ हजार पौंड.

आता इकडे बघा. त्या पौंडांतून रिझर्व्ह बँक ब्रिटिश सरकारचेच रोखे आणि ट्रेझरी बिलं घेणार, बिलांवर व्याज १ टक्क्याच्या आसपास. ते रोखे नोटा काढणाऱ्या विभागात तारण म्हणून ठेवायचे आणि त्यावर इथे दहा लाखांच्या नोटा काढायच्या. नोटा गिरणीकडे, तिथून कामगाराकडे, तिथून वाण्याकडे. कापड मात्र बोटीत बसून गेलं. देशातला माल दहा लाखांनी कमी आणि पैसा दहा लाखांनी जास्त. हेच रोज, सहा वर्षं, कापडापासून तंबूंपर्यंत.

मजा म्हणजे यातली एकेक नोंद तपासली तर एकही चूक सापडणार नाही. मी ऑडिटला असतो तर टिक मारून चहा प्यायला गेलो असतो.

नाशिकरोडकर
त्या नोटा आमच्याकडे छापल्या बरं का! १९२८ पासून नोटा नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या, त्याआधी इंग्लंडहून छापून यायच्या. १८० चे ११०० कोटी म्हणजे यंत्रांनी काय दम टाकला असेल. जमाखर्च काका, कापड गेलं ते कळलं, पण ब्रिटिश सरकारने बिल भरायचं कबूल तरी का केलं? राज्य त्यांचंच होतं.

खडूफळा
चांगला प्रश्न. (तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलंय, लांबण लागली तर सहन करा.)

पहिल्या महायुद्धात असं नव्हतं. १९१७ मध्ये हिंदुस्थानने ब्रिटनला १० कोटी पौंडांची "भेट" दिली होती. भेट! त्यावरून इथे बराच संताप झाला. त्यामुळे नोव्हेंबर १९३९ मध्ये दोन्ही सरकारांनी खर्चाची वाटणी ठरवली. शांततेच्या काळात लष्करावर जो खर्च व्हायचा तो, त्यावर महागाईची भर, निव्वळ हिंदुस्थानच्या हितासाठी केलेल्या युद्धविषयक गोष्टी आणि परदेशी गेलेल्या फौजांपोटी एकदाच १ कोटी रुपये, एवढं आपल्या माथी. उरलेलं ब्रिटनचं. तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं की "उरलेलं" इतकं असेल. १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेशात घुसला आणि आपला देश पुरवठ्याचं कोठार झाला.

दुसरा धागा रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातला. कलम ३३ म्हणायचं, नोटांमागे किमान ४० टक्के मालमत्ता सोनं किंवा स्टर्लिंग (म्हणजे पौंडातल्या) रोख्यांत हवी, त्यात सोनं निदान ४० कोटींचं. वाचताना ही शिस्तीची अट वाटते. पण स्टर्लिंगला सोन्याच्या मांडीला मांडी लावून बसवल्यामुळे दारच उघडं राहिलं. लंडनने पौंड जमा करायचे आणि इथे त्यावर नोटा निघायच्या. कायदा मोडावा लागलाच नाही. लढाई संपेपर्यंत सोनं-स्टर्लिंगचं प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. कायद्याच्या पुस्तकात नोट कधी नव्हे इतकी भक्कम आणि वाण्याच्या दुकानात कधी नव्हे इतकी हलकी.

कडीपत्ता
मास्तर, म्हणजे शेजाऱ्याने आपल्या फ्रीजमधलं सगळं खायचं, दारावर "देणे आहे" अशी चिठ्ठी चिकटवायची, आणि आईने ती चिठ्ठी दाखवून घरातल्यांना खाऊचे पैसे वाटायचे?

खडूफळा
वर्गात हे उदाहरण सुचलं असतं तर तीस वर्षांचा घसा वाचला असता.

काडेपेटी
सगळे एका सुरात रडताय म्हणून काडी टाकतो. साहेबाने बिल लावून घेतलं, व्याज दिलं, बुडवलं नाही. आधी आपणच ब्रिटनचे कर्जदार होतो, रेल्वेची कर्जं वगैरे. ती याच पौंडांतून फिटली. जपान दारात असताना संरक्षण फुकट मिळावं अशी अपेक्षा होती का? जगात कुठल्या वसाहतीला असा करार मिळाला?

तळटीप
काडेपेटी, कर्जफेडीचा मुद्दा खरा आहे आणि तो बहुतेक जण विसरतात. ३० कोटी पौंडांहून जास्त स्टर्लिंग कर्ज त्या काळात फिटलं. ब्रिटनमधल्या रोखेधारकांना त्या कर्जाचे रोखे सक्तीने सरकारजमा करावे लागले. पिढ्यानपिढ्या जे व्याज लंडनला जात होतं ते थांबलं. हा लहान फायदा नव्हे.

पण "करार मिळाला" यात गोम आहे. करार दोघांत होतो. इथे देणारं सरकार लंडनचं आणि घेणारं सरकारही लंडननेच नेमलेलं. रिझर्व्ह बँकेने "आता पुरे, आणखी पौंड नकोत, सोनं द्या किंवा यंत्रं द्या" म्हणायची सोय नव्हती, कारण ठरलेल्या दराने स्टर्लिंग विकत घ्यायला ती कायद्यानेच बांधलेली होती. धनकोला नाही म्हणता येत नसेल तर त्याला कर्ज म्हणायचं का?

आणि डॉलरचं काय? आपण अमेरिकेला ताग, चहा, अभ्रक विकून डॉलर कमावले तर ते स्टर्लिंग गटाच्या (पौंडाशी चलन बांधलेल्या देशांच्या) सामाईक गंगाजळीत जायचे. आपल्याला त्याबदल्यात पुन्हा पौंडच. खूप आरडाओरड झाल्यावर १९४४ आणि १९४५ साठी वर्षाला २ कोटी डॉलर वेगळे काढून ठेवायचं ठरलं.

पोटापुरता_पसा
थांबा, हिशेब कळत नाहीये. शेवटी एकूण देणं किती होतं? एका ठिकाणी १३० कोटी वाचलं, दुसरीकडे १७०० कोटी. कोण खोटं बोलतंय?

जमाखर्च
दोघेही खरे. १३० कोटी पौंड, त्याला १३⅓ ने गुणा, १७३३ कोटी रुपये. परकीय चलन विभागात नवीन पोरं पहिल्या आठवड्यात नेमकी हीच चूक करायची.

पोटापुरता_पसा
धन्यवाद काका. पहिल्याच आठवड्यात आहे असं समजा.

टेम्सकाठी
लंडनहून लिहितोय. बँक ऑफ इंग्लंडच्या त्या दगडी, खिडक्या नसलेल्या भिंतीवरून रोज जातो. हा धागा वाचल्यापासून भिंतीकडे बघायची नजर बदलली आहे.

इथल्या बाजूने पाहिलं तर चर्चिलना हे देणं मुळीच पचत नव्हतं. आम्ही तुम्हाला जपानपासून वाचवायचं आणि वर तुमचेच कर्जदार व्हायचं, हा त्यांचा सूर. ब्रिटनने प्रतिदावा करण्याचा हक्क राखून ठेवावा, अशी मंत्रिमंडळात त्यांची भाषा होती. त्यांची चिंता अगदीच पोकळ नव्हती. युद्ध संपताना सगळ्या देशांचे मिळून ३०० कोटी पौंडांहून जास्त शिल्लक होते, सर्वात मोठा आकडा भारताचा, मग इजिप्त वगैरे. तिजोरीत तेवढं सोनं नव्हतंच. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर उसने घेतले, तेव्हा त्या करारात हे धनको काही रक्कम सोडून देतील अशी आशा लिहूनच ठेवली होती.

कडीपत्ता
"सोडून देतील अशी आशा". मित्राला दिलेले पैसे आठवले.

सायलीची_आई
या सगळ्यात चिंतामणराव देशमुखांचं नाव अजून कसं नाही आलं? आमच्या रायगडचे, महाडजवळच्या नाते गावचे. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, पहिले भारतीय. म्हणजे ही सगळी नोटांची लाट ऐन जोरात असताना खुर्चीवर आपला माणूस.

तळटीप
त्याच मार्गावर होतो. जुलै १९४४, अमेरिकेत ब्रेटन वुड्सला जागतिक चलनव्यवस्था ठरवणारी परिषद. भारताचं शिष्टमंडळ व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे अर्थसदस्य जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखाली, सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ, थिओडोर ग्रेगरी. देश पारतंत्र्यात, पण टेबलावर खुर्ची स्वतःची. तिथे आपल्या लोकांनी लावून धरलं की साचलेल्या स्टर्लिंगचा काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा. श्रॉफ म्हणाले, आमची अवस्था अशी की बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक आणि टॅक्सीला द्यायला खिशात रोकड नाही.

ब्रिटनने नकार दिला, अमेरिकेलाही ते नको होतं. ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स म्हणाले की ब्रिटन हे देणं प्रतिष्ठेने भागवेल, पण तो ज्याचा त्याचा आपसातला मामला. म्हणजे देणं मान्य, वेळापत्रक आमचं.

देशमुखांबद्दल मात्र मला अर्धवट वाटतं. नोटा थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, हे खरं. पण मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील किंवा पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ तेव्हा महागाईबद्दल उघड बोलत होते. गव्हर्नरला ती मोकळीक नव्हती.

सायलीची_आई
उघड बोलणं आणि काम करणं वेगळं. नंतर अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा तोंडावर फेकला त्यांनी, ते विसरू नका.

तळटीप
विसरलो नाही ताई, पण ते १९५६. त्यावर स्वतंत्र धागा काढा, हा तिकडे वळला तर दोनशे प्रतिसाद होतील.

मध्यरात्रीचा_चहा
थोडं अवांतर. मित्रराष्ट्रांच्या बँकांनी एकमेकांवर ठेवलेला विश्वास हा विषयच भन्नाट आहे. बेल्जियमने आपलं जवळजवळ २०० टन सोनं १९४० मध्ये बँक ऑफ फ्रान्सकडे सांभाळायला दिलं. फ्रान्स पडला, सोनं पश्चिम आफ्रिकेत डाकारला गेलं, आणि फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारने ते जर्मनांच्या हवाली केलं. सहाराच्या वाळवंटातून आगगाडी, नदीतली होडी, उंट असं करत ते परत उत्तरेला आणलं! बेल्जियमने न्यूयॉर्कमध्ये फ्रेंचांच्या सोन्यावर दावा ठोकला, आणि शेवटी बँक ऑफ फ्रान्सने स्वतःच्या पदरचं सोनं देऊन भरपाई केली.

त्याआधी मार्च १९३९ मध्ये प्रागमध्ये जर्मन सैन्य घुसल्यावर चेक बँकेचं २३ टन सोनं लंडनमधल्या लंडनमध्ये जर्मनीच्या नावावर चढलं. बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेची सूचना आली, बँक ऑफ इंग्लंडने नोंद फिरवली. विटा जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

जमाखर्च
हेच! लोक समजतात दरोडा पडतो तेव्हा तिजोरी फुटते. खातेवहीत नाव बदललं की काम होतं.

नाणेघाट
नाणेवाला आहे, डब्याबद्दल बोलतो. वरणफळ, तुमची एक रुपयाची नोट या खटल्यात साक्षीदार म्हणून चालणार नाही. 😄 नीट बघा, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नाव नसेल. १९४० मध्ये लोक चांदीचे रुपये घरात दडवू लागले, म्हणून भारत सरकारने स्वतः ती नोट काढली. सही वित्त सचिव सी. ई. जोन्स यांची. कायद्याने ती रुपयाच्या नाण्याच्या बरोबरीची. देशमुखांची सही हवी असेल तर दोनाची नोट शोधा, १९४३ ची.

त्याच सुमारास रुपयातली चांदी बारा भागांतल्या अकरावरून निम्म्यावर आणली. तरीही पुरेना, मग अमेरिकेने उसनवार पुरवठा योजनेत भारताला २२.६ कोटी औंस चांदी दिली. औंसाला औंस परत करायच्या बोलीवर. युद्धानंतर ती नाणी बोलावून, वितळवून, कलकत्त्याच्या अलिपूरला चांदी वेगळी काढून परत केली. १९४७ चा रुपया मग निकेलचा झाला.

भोकाचा पैसा तांबं वाचवायला १९४३ मध्ये आला. लोक त्याचा वायसर म्हणून उपयोग करायचे, कारण वायसर महाग होता.

काडेपेटी
बघा, अमेरिकेची चांदी आपण परत केली ना? मग ब्रिटननेही केलं. माझा मुद्दा तिथेच आहे.

खडूफळा
चांदी औंसाला औंस परत गेली, काडेपेटी. पौंड औंसाला औंस आले का, तेवढंच बघायचं. वरणफळ यांचा दुसरा प्रश्न अजून टांगलेलाच आहे, कोणी घेतंय का?

तळटीप
घेतो.

१४ ऑगस्ट १९४७. तारीख बघा. त्या दिवशी अंतरिम करार झाला. शिल्लक ११६ कोटी पौंड. खात्याचे दोन भाग केले, खातं क्रमांक १ वापरायचं, क्रमांक २ गोठवलेलं. वर्षअखेरपर्यंत साडेतीन कोटी पौंड मोकळे, शिवाय ३ कोटी खेळत्या रकमेसाठी. बाकीचं कुलपात.

जुलै १९४८ मध्ये मोठा हिशेब. इंग्रज जाताना मागे राहिलेलं लष्करी सामान आपण विकत घेतलं, १० कोटी पौंड. पौंडात द्यायच्या पेन्शनींसाठी आगाऊ रक्कम, केंद्र आणि प्रांत मिळून १६.८ कोटी पौंड. तीन वर्षांत ८ कोटी पौंड मोकळे करण्याचं ठरलं. पाकिस्तानचा वाटा वेगळा निघाला.

मग सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाही सोबत घसरवला, त्यामुळे आपल्या वहीत आकडा जसाच्या तसा. पण त्या पौंडांतून अमेरिकेचा गहू किंवा यंत्रं घ्यायला गेलं तर तीस टक्के कमी माल. काडेपेटी, बुडवलं नाही हे बरोबर. एक पौंड दिला त्याचा एक पौंडच परत आला. फक्त देताना त्याचं जे वजन होतं ते घेताना उरलं नव्हतं, आणि घेण्याची वेळही आपण ठरवली नाही.

काडेपेटी
हे पटण्यासारखं आहे. पूर्ण नाही, पण काडी विझवतो.

टेम्सकाठी
एक भर. १५ जुलै १९४७ ला अमेरिकेच्या अटीप्रमाणे पौंड डॉलरमध्ये मोकळेपणी बदलायची सोय झाली होती. पाच आठवड्यांत डॉलर इतके वाहून गेले की २० ऑगस्टला बंद केली. आपला अंतरिम करार बरोबर त्या भगदाडाच्या मधोमध होता. त्यांनी कुलूप लावलं नसतं तर दुकानच उठलं असतं, हेही मान्य करायला हवं.

जमाखर्च
उरलेलं कुठे गेलं तेही सांगून टाकतो, कारण माझे साहेब लोक त्याच काळातले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रं आणि धान्य आणण्यात १९५६ पासून दोन-तीन वर्षांत बरीच गंगाजळी आटली. ४० टक्क्यांची ती अट १९५६ मध्ये काढून ठराविक किमान रक्कम ठेवायची पद्धत आली, आणि १९५७ मध्ये ती २०० कोटींवर आली, त्यात ११५ कोटींचं सोनं. लढाईत साठलेल्या पौंडांनी स्वतंत्र भारताचे पहिले काही कारखाने उभे राहायला हात लावला, एवढं म्हणता येईल. पण वहीत "मिळाला नाही" लिहिणाऱ्या माणसाला त्यातलं काय मिळालं, ते कुठल्याच खात्यात नोंदलेलं नाही.

खडूफळा
आणि ती मुंबई होती. मे १९४३ पासून शहरात रेशन सुरू झालं होतं. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसं मेली. दुष्काळाची कारणं अनेक, त्यावर भांडायला मी तयार आहे, पण घाऊक किमती युद्धात दोन-अडीच पट झाल्या तेव्हा ज्याची मजुरी वाढली नाही त्याने हे कर्ज दिलं. रोखा त्याच्या नावावर नव्हता, इतकंच.

वरणफळ
सगळ्यांचे आभार. मी एक प्रश्न विचारायला आले आणि खातं क्रमांक २ घेऊन चालले. वही पुन्हा काढून बसले होते. "मिळाला नाही" च्या पुढच्याच पानावर आजोबांनी लिहिलंय: पगारात वाढ, रु. ५. आणि त्याखाली, तांदूळ, पुन्हा नाही.

नाणेघाट, नोट तपासली. रिझर्व्ह बँक नाही, जोन्स आहेत. तुम्ही जिंकलात. आठातल्या एका भोकाच्या पैशात काळा दोरा ओवलेला आहे, तो कशाचा? वायसरला दोरा कशाला?

नाणेघाट
वायसर नाही हो, करदोटा. लहान मुलांच्या कमरेला बांधायचे. घरात १९४३-४४ च्या आसपास कोण जन्मलं ते विचारा.

वरणफळ
बाबा! आत्ता विचारलं. म्हणाले, "माझाच आहे, ठेव तिथे."

कडीपत्ता
म्हणजे नोटांचा पूर आला तेव्हा एक पैसा व्यवहारातून बाहेर काढून कमरेला बांधायचं काम तुमच्या बाबांनी केलं. गव्हर्नरसाहेबांना हे कळवलं होतं का?

नाशिकरोडकर
फोटो टाका ना डब्याचा.